मुख्यालय शिकागोत, ग्राहक मक्याच्या शेतात

पुण्याहून दादाचा फोन आला की टोमणा ठरलेला: "अमेरिकेत राहतेस आणि रेंज नाही म्हणतेस?" अरे दादा, मी न्यूयॉर्कात नाही, आयोवात राहते. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं कमी, वस्ती जेमतेम 32 लाख. सीडर रॅपिड्सहून गाडी उत्तरेला काढली की दोन्ही बाजूंना मका, मध्येच एखादं धान्याचं कोठार, आणि फोनवरच्या रेंजच्या दांड्या एकेक करत गळायला लागतात.

टॉवर कुठे उभारायचे हे कंपन्या कशावरून ठरवतात? इकडच्या भागात वर्षानुवर्षं पाय रोवलेल्या यूएस सेल्युलरचंच बघा. मुख्यालय शिकागोत. पण 2013 मध्ये तिने शिकागो, सेंट लुईस वगैरे भागांतले ग्राहक आणि स्पेक्ट्रम (मोबाइल लहरी वापरायचे हक्क) 48 कोटी डॉलरना स्प्रिंट या बड्या मोबाइल कंपनीला विकले, आणि आयोवा मात्र सोडलं नाही. शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाच्या बेसबॉल मैदानावर त्यानंतरही, 2016 पर्यंत, तिचंच नाव झळकत होतं. नाव मैदानाला, सेवा शहरात शून्य!

हिशेब मात्र चोख. शहरात तेव्हाच्या चार बड्या कंपन्यांशी झुंजायचं म्हणजे जाहिराती, दुकानं, स्पेक्ट्रम, सगळ्यावर पाण्यासारखा पैसा. खेड्यात स्पर्धा कमी, शिवाय बड्यांचे ग्राहक इथून जाताना हिच्या टॉवरवर रोमिंग करणार, त्याची कमाई वेगळी.

मुळात 1980 च्या दशकात अमेरिकी सरकारने मोबाइल परवान्यांसाठी देशाचे 734 तुकडे पाडले, 306 शहरी आणि 428 ग्रामीण, प्रत्येकात दोन परवाने. आपल्याकडे अख्ख्या देशाची 22 सर्कल. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा येतो, मुंबई वेगळी. पण पुण्याचा परवाना घेतला की गडचिरोलीही पदरात येते. इथे हवा तो तुकडा घ्या, नको तो सोडा.

जाहिरातीतले टक्केही नीट वाचावेत. 2020 मध्ये स्प्रिंट गिळताना टी-मोबाइल या दुसऱ्या बड्या कंपनीने सहा वर्षांत 99 टक्के लोकांपर्यंत 5जी नेण्याचं वचन दिलं. टक्के लोकांचे, जमिनीचे नव्हेत. माणसं शहरांत दाटलेली, त्यामुळे मैलोन्‌मैल शेतं वगळूनही आकडा गाठता येतो.

ऑगस्ट 2025 मध्ये टी-मोबाइलने यूएस सेल्युलरची मोबाइल सेवाही विकत घेतली. बिल किती वाढणार यावर आमच्या ऑफिसात पैजा लागल्या आहेत.