स्पेक्ट्रमच्या पडद्यावर मुलुंडचा इंडिकेटर

मामांनी १९८०च्या दशकात घेतलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आमच्या मुलुंडच्या घरी माळ्यावर कित्येक वर्षे पडून होता. गेल्या पावसाळ्यात तो खाली काढला, तेव्हा मागच्या एज कनेक्टरवर (बाहेरची कार्डे जोडायच्या धातूच्या पट्ट्यांवर) मुंबईच्या दमट हवेने हिरवट थर धरलेला दिसला. लॅमिंग्टन रोडवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणून आणि साध्या खोडरबराने घासून तो स्वच्छ केला. कनेक्टरची एवढी निगा राखण्याचे कारण म्हणजे त्यालाच स्पेक्ट्रानेट हे इथरनेट कार्ड, म्हणजे संगणकांच्या जाळ्यात शिरायचे कार्ड, जोडायचे होते. आपल्या स्थानकावर असतो तसा लोकलच्या वेळा दाखवणारा इंडिकेटर पडद्यावर आणायचा, आणि त्याच्या ओळी घरातल्या जुन्या लॅपटॉपवरून जाळ्यामार्गे मागवायच्या, असा बेत होता. वेळापत्रक मी लॅपटॉपवर हाताने भरले होते.

स्पेक्ट्रम १९८२ साली बाजारात आला. त्यात ३.५ मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर आहे आणि ४८ किलोबाइट स्मृतीपैकी ६९१२ बाइट एकटा पडदाच घेतो. अशा यंत्राने टीसीपीचा, म्हणजे जाळ्यावरून डेटा न हरवता क्रमाने पोहोचवण्याच्या पद्धतीचा, सारा भार वाहायचा म्हटले तर आपल्या प्रोग्रॅमला फारशी जागा उरणार नाही. स्पेक्ट्रानेटवर म्हणूनच विझनेट कंपनीची डब्ल्यू-५१०० ही चिप बसवलेली आहे. पोच देणे, हरवलेले पॅकेट (डेटाचा तुकडा) पुन्हा पाठवणे, चेकसम (डेटा बिघडला नाही ना हे सांगणारी बेरीज) तपासणे ही कामे ती स्वतः करते आणि त्यासाठी तिच्या पोटात १६ किलोबाइटचा बफर, म्हणजे तात्पुरती साठवण, असते. स्पेक्ट्रमच्या स्वस्त आवृत्तीची एकूण स्मृतीच तेवढी होती, हे आठवले की मला हसू येते.

प्रोग्रॅम सी भाषेत लिहून झेड८८डीके या कंपायलरने (सीचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) तयार केला. सॉकेट (जोडणीचे आपल्याकडचे टोक) उघडणे, कनेक्ट, सेंड, रिसीव्ह ही फंक्शने १९८३च्या ४.२ बीएसडी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममधून रूढ झाली, आणि इथेही ती जवळपास त्याच रूपात मिळतात. त्यामुळे पहिली जोडणी एका संध्याकाळीच जमली आणि मी उगाचच निर्धास्त झालो. फंक्शने ओळखीची असली, तरी युनिक्समध्ये त्यांच्या पाठीशी उभी असणारी ऑपरेटिंग सिस्टीम इथे नाही, हे नंतरच्या तीन आठवड्यांत कळत गेले.

पहिली चूक आईने पकडली. "अरे, कल्याण गाडीला वेळच नाही," ती म्हणाली. पाहिले तर चौथ्या ओळीतली मिनिटे गायब होती आणि तिच्या खालच्या ओळीत '१२' हा आकडा एकटाच उभा होता. पडद्याची रुंदी ३२ अक्षरांची. त्यात ओळ संपल्याची खूण मिळवली की प्रत्येक ओळ ३३ बाइटची होते. मी एका वेळी १२८ बाइट मागत होतो, म्हणजे तीन पूर्ण ओळींचे ९९ आणि चौथीचे २९ बाइट हाती येत होते. मिनिटांचे रकाने नेमके तिसाव्या बाइटपासून सुरू होत होते. टीसीपीला ओळ ही कल्पनाच ठाऊक नाही. तो केवळ बाइटांचा प्रवाह पोहोचवतो, आणि त्या प्रवाहाचे तुकडे कुठे पडतील याची हमी देत नाही. आता येणारा प्रत्येक बाइट एका साठवणीत जातो आणि १० क्रमांकाचा बाइट, म्हणजे लॅपटॉपकडून येणारी ओळ संपल्याची खूण, दिसल्यावरच ती ओळ पडद्यावर उमटते. (स्पेक्ट्रमची स्वतःची खूण मात्र १३ आहे, १० तसाच छापायला दिला, तर तो प्रश्नचिन्ह काढून मोकळा होतो.)

दुसरी अडचण वाट पाहण्याची होती. रिसीव्ह बोलावले आणि डेटा आलेला नसला, की प्रोग्रॅम तिथेच थबकतो. कळ दाबून बाहेर पडायचीही सोय उरत नाही, कारण कळा वाचणाराही तोच प्रोग्रॅम असतो. त्यामुळे आधी पोल या फंक्शनने काही आले आहे का हे विचारायचे, आले असेल तरच रिसीव्ह करायचे आणि नसेल तर कीबोर्ड तपासून पुन्हा विचारायचे, असा फेरा लिहावा लागला.

तिसरीने मात्र एक अख्खा रविवार खाल्ला. प्रोग्रॅम चार वेळा नीट चाले आणि पाचव्या वेळी सॉकेटच मिळत नसे. मी वायर बदलली, राउटर बंद करून चालू केला, कनेक्टर पुन्हा घासला. दोष अर्थात माझाच होता. डब्ल्यू-५१००मध्ये एकूण चारच सॉकेट असतात, आणि माझा प्रोग्रॅम संपून बेसिकमध्ये (स्पेक्ट्रमच्या अंगभूत भाषेत) परतताना आपले सॉकेट बंद करत नव्हता. युनिक्सवर प्रोग्रॅम संपला की त्याची उघडी सॉकेटे सिस्टीमच आवरते. इथे ती रीसेट करेपर्यंत तशीच अडून राहतात.

देवनागरीचे काम अजून अर्धवट आहे. स्वतः आखायची अक्षरे बेसिकमध्ये २१ मिळतात. त्यांतली १० अंकांनी घेतली आणि उरलेल्या ११ चौकटींत कल्याण व ठाणे बसवले. आठ बिंदूंच्या उंचीत मात्रेला दोन, शिरोरेघेला एक आणि अक्षराला पाच ओळी आल्या. 'ठाणे' स्वच्छ वाचता येते. 'कल्याण'मधला 'ल्या' मात्र आईला अजून लागत नाही. गाडी कुठली ते ती कल्याणचे इंग्रजी अक्षर 'के' पाहूनच सांगते.