दुसऱ्यांचा खेळ मी का बघते

माझ्या मोबाइलवर चार-चार तासांचे व्हिडिओ चालू दिसले, की घरी आलेलं माणूस हमखास विचारतं, 'टेबलाभोवती बसून बोलणारी ही माणसं बघून तुला मिळतं काय?' तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

खेळ आहे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', १९७४ सालचा. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि अडलेल्या जागी वीस बाजूंचा फासा टाकतात. मी बघते ते 'क्रिटिकल रोल'. पेशाने आवाज देणाऱ्या कलाकारांची ही मित्रमंडळी २०१५ पासून सगळ्यांसमोर खेळतात.

माझं लहानपण सोलापुरात अशोक चौकाजवळ, यंत्रमागाच्या भिंतीला भिंत लागलेल्या खोलीत गेलं. दिवसरात्र खटखट. जेवायला वाढू का, हेही आम्ही खुणेनंच विचारायचो. बोलायचं ते ओरडून, तेही कामापुरतं. आमच्याकडे कुणाचं वाक्य कुणी पुरं होऊ दिलंय, असं मला आठवत नाही.

आणि इथे पहिल्या तीन पर्वांत गोष्ट चालवणारा मॅथ्यू मर्सर विचारतो, 'आता तू काय करतोस?' विचारून गप्प बसतो. समोरचा विचार करतो, अडखळतो, आणि बाकीचे सगळे थांबतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझा गळा दाटून आला होता. फासा उलटा पडून सगळा बेत बुडाला, तरी कुणी कुणाला बोल लावत नाही. पुढचा तिथूनच गोष्ट उचलतो.

दुसऱ्या पर्वाच्या २६व्या भागात मॉलीमॉक नावाचं पात्र मरतं. त्या रात्री भांडी घासताना मी रडत होते. सासूबाईंनी घाबरून विचारलं, 'कोण गेलं गं?' मला सांगता येईना. त्या माणसांना मी ठाऊकही नाही, हे मला कळतं आणि कधी कधी टोचतं. म्हणून मन फार एकटं असेल त्या दिवशी मी ते लावत नाही.

गेल्या संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीतून बाहेर पडून माझ्या वडिलांना, अण्णांना घेऊन होम मैदानाच्या कडेला बसले. मागावर आयुष्य गेल्यानं त्यांना आता कमी ऐकू येतं, उत्तर उशिरा येतं. एरवी त्यांचं वाक्य मीच पुरं करून टाकायची. त्या दिवशी ते म्हणाले, 'एकदा मागावरचा धोटा उडाला होता माझा, शेजारच्याला लागला.' मी विचारलं, 'मग तुम्ही काय केलंत?' आणि थांबले. समोरचा पाळणा दोनदा भरला, दोनदा रिकामा झाला. मग अण्णा म्हणाले, 'सायकलवर घातला त्याला.'

मी म्हटलं, 'मग?'