पुणे–इंदूर, नर्मदेवरून

तिकिटावर प्रवासाचा वेळ १ तास १५ मिनिटं. धायरीतून आम्ही सकाळी साडेआठला निघालो आणि इंदूरला रामबागेतल्या घराचं कुलूप उघडलं तेव्हा अडीच वाजले होते. दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर जेमतेम ५०० किलोमीटर. तिकिटावरच्या वेळात विमान धावपट्टीपर्यंत रांगत जातं तेही धरलेलं असतं. प्रत्यक्ष हवेत आम्ही ५५ मिनिटं होतो. बाकीचा वेळ सिंहगड रस्त्याने आणि लोहगावच्या रांगांनी खाल्ला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, व्हीलचेअर आधीच सांगून ठेवलेली, तरी तिला अर्धा तास काउंटरपाशी उभं राहावं लागलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

एरवी आम्ही बसवालेच. नगर, मनमाड, मालेगाव, धुळे, मग बिजासन घाट चढून सेंधवा. सहाशेच्या आसपास किलोमीटर, अख्खी रात्र. पहाटे खलघाटचा पूल आला की आई हलवून उठवायची, हातात नाणं द्यायची. खिडकीची काच सरकवायची, गार वारा तोंडावर, नाणं पाण्यात, ‘नर्मदे हर’. पुढे मानपूरचा घाट कधी गेला ते मला कधीच कळलं नाही, इतकी गाढ झोप लागायची.

विमानात सँडविचचे कागद गोळा करून नेले आणि आईनं विचारलं, “खलघाट आला का रे?”

मी आदल्या रात्री नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं होतं. लोहगाव ते इंदूर रेघ ओढली तर ती धुळे-शिरपूरजवळून, जवळजवळ बसच्याच वाटेनं जाते आणि नर्मदा ओलांडते ती थेट महेश्वरापाशी. चौंडीची लेक अहिल्याबाई होळकर जिथून राज्य करायची ते महेश्वर, आणि उतरायचं तिच्याच नावाच्या विमानतळावर! हे आईला सांगेपर्यंत विमान खाली यायला लागलं होतं. सातपुड्याच्या तपकिरी घड्या संपल्या, हिरवी शेतं लागली आणि त्यांतून रुंद, राखाडी, उन्हात मधूनच चमकणारी नदी.

आईनं मूठ उघडली. आत रुपयाचं नाणं, घामानं ओलं. घरून निघतानाच घेतलं होतं तिनं. तिनं ते खिडकीच्या काचेला टेकवलं आणि नदी पंखाखाली जाईपर्यंत तसंच धरून ठेवलं. ओठ हलत होते. मी काही बोललो नाही. बोलता आलं नसतं.

दहा-बारा मिनिटांत इंदूरच्या बिजासन टेकडीशेजारी उतरलो. भाऊ गाडी घेऊन आला होता.

इंदुरात सहा दिवस होतो. पाहुणे, पोहे, फिजिओथेरपी. निघताना देवघरात पाहिलं, नाणं अन्नपूर्णेपुढे ठेवलेलं होतं. “चालायला लागले की महेश्वरला ने मला,” आई म्हणाली. “बसनं.”