दिघा गाव ते वाशी: लेकीच्या कन्सेशन पासाचा माझा अनुभव

"दिघा आमच्या यादीत नाही, मॅडम. ठाणे टाकू का?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी ठाणे म्हटलं तरी डोक्यात तिडीक जाते.

आम्ही नवी मुंबईत, ठाणे आणि ऐरोलीच्या मधल्या दिघ्यात राहतो, मुलगी वाशीला कॉलेजला जाते. २००४ पासून ठाणे-वाशी गाड्या आमच्या डोळ्यांदेखत जायच्या आणि त्या पकडायला आम्ही बसने नाहीतर रिक्षाने ऐरोली किंवा ठाणं गाठायचो. शेवटी १२ जानेवारी २०२४ ला दिघा गाव स्टेशनचं उद्घाटन झालं. कॉलेजच्या कॉम्प्युटरला मात्र ते कुणी कळवलं नव्हतं.

विद्यार्थी सवलतीचा पास घराजवळचं स्टेशन ते कॉलेजजवळचं स्टेशन, एवढ्याच टप्प्याचा मिळतो. फॉर्म कॉलेज भरतं, सही-शिक्का मारून देतं. आधार, फीची पावती, आयडी, सगळं एका दमात झालं. अडलं ते स्टेशनच्या नावाशी.

खिडकीतल्या क्लार्कने आधी ऐरोली सुचवलं. "एकच तर स्टेशन पुढे आहे." अहो, पुढे आहे हीच तर अडचण! ऐरोली-वाशी पासावर दिघा ते ऐरोली हा तुकडा विनातिकीट होतो. तिथे टीसीने धरलं तर दंड कॉलेज भरणार का? मग निघालं ठाणे. ठाणे-वाशी पासावर मध्येच दिघ्याला चढता येतं, ते मान्य. पण लांबच्या टप्प्याचे पैसे का मोजायचे? आणि आधारवर दिघा, फॉर्मवर ठाणे बघून रेल्वेच्या खिडकीने हरकत घेतली तर? "आजवर कुणी तक्रार नाही केली," असं उत्तर आलं. लेक बाही ओढत होती, "आई, चल ना, ठाणे चालेल." नाही चालणार.

मोठ्या साहेबांना विचारा म्हणाले. साहेब मीटिंगमध्ये. तोवर खिडकी बंद. कन्सेशनची खिडकी दिवसात थोडाच वेळ उघडी असते, तेव्हा वेळ आधी विचारून जा. पुढच्या खेपेला साहेब भेटले, तर म्हणाले, लेखी अर्ज द्या आणि सोबत स्टेशन असल्याचा पुरावा जोडा.

स्टेशन असल्याचा पुरावा! ज्या स्टेशनवरून गाडी पकडून मी त्यांच्यासमोर येऊन उभी होते, त्याचा. मी पर्समधून त्या दिवशीचं तिकीट काढून टेबलावर ठेवलं. 'दिघा गाव' ठळक छापलेलं. साहेब ते उलटंसुलटं करून बघत बसले, नोट खोटी आहे का बघावी तसे. परतीचं होतं म्हणून मूळ तिकीट दिलं नाही, झेरॉक्स जोडली.

मग फॉर्मवर छापून आलेलं ऐरोली पेनाने खोडून वर दिघा गाव लिहिलं गेलं. जिंकले असं वाटलं. दिघ्याच्या तिकीट खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म बघितला आणि परत सरकवला: खाडाखोडीवर कॉलेजची सही नाही. त्यांचं बरोबरच होतं, पण मला रडू यायचं बाकी होतं. तेव्हा खोडलेलं काही असेल तर तिथल्या तिथे सही आणि शिक्का मागा. फॉर्मवरची तारीखही बघून घ्या, त्याची मुदत फार नसते.

सही घेऊन गेल्यावर पास निघायला चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

तिमाही फॉर्मच मागा. पैसे मासिकाच्या तिप्पट नाही, २.७ पट पडतात आणि मुख्य म्हणजे त्या खिडकीचं तोंड कमी वेळा बघावं लागतं. जुना पास फेकू नका, पुढच्या फॉर्मला तो मागतात. आणि हो, पोरांना सांगून ठेवा, पनवेल किंवा नेरूळ लोकल तुर्भ्यानंतर जुईनगरकडे वळते, वाशीला जात नाही. वाशीचा पास तिकडे चालणार नाही. तुर्भ्याला उतरून गाडी बदलायची.

आमच्या बिल्डिंगमधली आणखी दोन मुलं वाशीलाच जातात. त्यांच्या आयांना मी अर्जाचा फोटो पाठवलाय. नाव बदला, बाकी मजकूर तसाच ठेवा, आणि तिकिटाची झेरॉक्स आधीच जोडून न्या.