आमची वाटचाल : व्हीबीपासून रिॲक्टपर्यंत, मुक्काम सांगली मार्केट यार्ड

आमचं सॉफ्टवेअर अडत दुकानांचं. सौदा, काटा, हमाली, तोलाई, सेस, शेतकऱ्याची पट्टी, खरेदीदाराचं बिल. सुरुवात व्हीबी ६ मध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये केली. त्यातल्या फ्लेक्सग्रिड नावाच्या तक्त्यात थेट टाइप होत नाही म्हणून सेलवर टेक्स्टबॉक्स तरंगत ठेवायचा, हा उद्योग त्या काळी सगळ्यांनीच केलाय. आमचा टेक्स्टबॉक्स मात्र सेलवर नेमका बसायचा. बाकीच्यांचे आठवून बघा.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे हळदीचे एक जुने अडते. त्यांचे दिवाणजी आमचे खरे परीक्षक. डावा हात वहीवर, उजवा नंबर पॅडवर, पडद्याकडे बघायचेच नाहीत. वजन, एंटर, दर, एंटर. कर्सर एक रकाना चुकला की पुढची सगळी पोती चुकली. म्हणून सेंडकीज, म्हणजे कळ दाबल्याचा आभास करणारी आज्ञा, वापरून एंटरला टॅबच्या, म्हणजे पुढच्या रकान्यात जायच्या कामाला लावला होता. विंडोज व्हिस्टा आलं आणि नेमकी तीच ओळ ‘परमिशन डिनाइड’ म्हणून आपटायला लागली. दिवाणजींचा फोन, ‘अवो, तुमचा एंटर कुठं गेला?’ रात्रीत सगळ्या फॉर्मवर सेटफोकस घातलं, म्हणजे कर्सर थेट पुढच्या रकान्यात नेणारी आज्ञा.

मधली वर्षं बरी गेली.

दणका बसला २०१६-१७ मध्ये. दुकानदारांना मोबाइलवर हिशोब हवा होता, म्हणून ब्राउझरमधल्या स्क्रीन बनवायचं गूगलचं अँग्युलरजेएस धरलं. निम्म्या स्क्रीन झाल्या आणि सप्टेंबर २०१६ मध्ये अँग्युलर २ आलं. नाव तेच, आतलं सगळं वेगळं. स्कोप गेला, कंट्रोलर गेले, म्हणजे जुनी मांडणीच गेली, आणि टाइपस्क्रिप्ट ही वेगळी भाषा आली. समोर १ जुलै २०१७ चा जीएसटी. शिकवून तयार केलेली पोरं पुण्याला गेली. त्यांना दोष नाही, तेवढा पगार आम्हाला झेपत नव्हता. त्यातच पुण्याच्याच एका कंपनीचा माणूस टॅबलेट घेऊन यार्डात फिरायला लागला. नाव घेत नाही, यार्डाला माहीत आहे. ‘यांचं व्हीबीचं आहे, विंडोज बदललं की बंद पडणार,’ असं दुकानोदुकानी सांगायचा. धादांत खोटं! व्हीबी ६ च्या एडिटरचा सपोर्ट २००८ मध्ये संपला हे खरं, पण रनटाइम, म्हणजे तयार प्रोग्रॅम चालवणारा भाग, विंडोज १० वर चालतो, ११ वरही चालतो. रंगीत आलेख दिसल्यावर रनटाइम कोण विचारतो? निम्मी दुकानं गेली. ऑफिसचं भाडं थकलं.

हळदवाले राहिले. खरं तर त्यांच्या मुलानेही त्या कंपनीचा डेमो ठेवला होता. दिवाणजींनी दर टाकला, खालची बेरीज बघायला माऊसचं चाक फिरवलं आणि दरच बदलला. नंबर इनपुटमध्ये, म्हणजे फक्त आकडे घेणाऱ्या रकान्यात, कर्सर असताना चाक फिरवलं की आकडा फिरतो, ही ब्राउझरची जुनी खोड. दिवाणजी म्हणाले, ‘ह्यात शेतकऱ्याला काय सांगायचं?’ मुलगा गप्प.

आम्ही जुन्या एक्झीतच, म्हणजे व्हीबीच्याच प्रोग्रॅममध्ये, जीएसटी बसवला, वेळेत दिला. जमलं, कारण सगळा हिशोब पहिल्यापासून एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधल्या प्रोसिजरमध्ये होता, फॉर्मवर नव्हता. नव्या पोरांनो, कुणी विचारलं नाही तरी सांगतो, हमालीचा हिशोब बटनाच्या क्लिकमध्ये लिहू नका. आणि कोर्स लावण्याआधी एक दिवस सौद्याच्या वेळी दिवाणजीशेजारी बसा.

रिॲक्ट हे स्क्रीन बनवायचं फेसबुकचं साधन. २०१९ मध्ये त्यात हुक्स, म्हणजे एकदा लिहिलेलं काम अनेक स्क्रीनवर वापरायची सोय, आले तेव्हा ते घेतलं. घाई नाही, एकेक स्क्रीन. नंबर इनपुट कुठेच ठेवला नाही. साधा टेक्स्ट, त्याला इनपुटमोड डेसिमल, म्हणजे मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. एंटरचं हुक आमचं स्वतःचं. ओळीला ओळख म्हणून इंडेक्सची की, म्हणजे तिचा अनुक्रमांक, द्यायची नाही, मधली ओळ पुसली की कर्सर भलत्याच पोत्यावर बसतो. हल्ली पोरं एआयकडून दहा मिनिटांत स्क्रीन काढून आणतात. दिसते देखणी. मी आधी माऊस काढून घेतो, मग बघतो.

त्या कंपनीच्या पानाचा सोर्स मी तेव्हाच उघडून बघितला होता. पानभर एनजी-रिपीट, म्हणजे जुनं अँग्युलरजेएसच. त्याचा सपोर्ट २०२१ च्या डिसेंबरला संपला. आता त्यांची गिऱ्हाइकं येतात, डेटा काढून द्याल का म्हणून. देतो की. पैसे आगाऊ घेतो.