आधी सांगा, मग दाबा

९ ते ११ वर्षांची मुलं कॉम्प्युटरसमोर बसली की आधी दाबतात आणि मग काय झालं ते बघतात. हवं ते झालं नाही तर दुसरं काहीतरी दाबतात. स्क्रीनवर सतत काहीतरी हलत असतं, वर्ग रमलेला असतो, पण तास संपताना "मांजर खाली का गेलं?" असं विचारलं तर उत्तर येत नाही. खूप काही घडून गेलेलं असतं आणि कशाचंच कारण कुणाला माहीत नसतं.

या वयाला शिकवण्याबद्दल माझं एक ठाम मत आहे. कुठलंही बटण दाबण्याआधी काय होईल ते मुलानं बोलून दाखवावं, आणि जमेल तिथे वहीत लिहावं. स्क्रॅचमधला प्रोग्रॅम असो (स्क्रॅच म्हणजे ब्लॉक जोडून स्क्रीनवरच्या मांजराला हलवायची, मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा), इंटरनेटवरचा शोध असो की साधी फाइल सेव्ह करणं असो. अंदाज लिहिलेला असला की तो चुकलेला दिसतो. अंदाजच केला नसेल तर मुलाला आपलं काही चुकलं हे कळायलाच वाव नसतो.

स्क्रॅचपासून सुरुवात करू. पहिला धडा बहुतेक ठिकाणी चौकोनाचा असतो : पेन खाली ठेव, चार वेळा रिपीट कर, १०० पावलं चाल, उजवीकडे ९० अंश वळ. (पेनचे ब्लॉक आपोआप दिसत नाहीत. डावीकडे अगदी खालच्या कोपऱ्यातल्या बटणातून ते जोडून घ्यावे लागतात. ही तयारी तासाआधी करून ठेवा, नाहीतर पहिली १० मिनिटं त्यातच जातात.) हे ब्लॉक फळ्यावर लिहा आणि मुलांना वहीत आकृती काढायला सांगा. बहुतेक जण चौकोन काढतात. मग प्रोग्रॅम सुरू करणारा हिरवा झेंडा दाबला की चौकोन एकदम प्रकटतो आणि मांजर जागचं हललंच नाही असं वाटतं, कारण चारही फेऱ्यांना मिळून पाव सेकंदही लागत नाही. रिपीटच्या आत अर्ध्या सेकंदाचा वेट (थांबण्याचा ब्लॉक) टाका. आता मांजर चालताना दिसतं आणि "आत्ता कितवी फेरी?" हा प्रश्न विचारता येतो.

पण चौकोनापाशी थांबलेला धडा अर्धाच राहतो. चौकोनाच्या आतला कोन ९० आणि मांजराने वळायचा कोनही ९०, त्यामुळे मुलानं दोन्हींची गल्लत केली तरी उत्तर बरोबरच येतं. गल्लत उघडी पडते ती त्रिकोणात. चार काढून तीन करा, आणि वळायचा आकडा मुलांनाच विचारा. समभुज त्रिकोणाचा कोन ६० असतो हे ज्यांना माहीत आहे ते सगळे ६० म्हणतात. अंदाज वहीत लिहून घ्या आणि चालवा.

त्रिकोण होत नाही. तीन रेघांची एक उघडी वाटी होते आणि शेवटी मांजर पाय वर करून उलटं दिसतं. मुलं हसतात, लगेच आकडे बदलायला धावतात. इथे त्यांना थांबवायचं, आणि काहीही न बदलता झेंडा परत दाबायला लावायचा. उलटं मांजर तिथूनच पुढे निघतं, आणखी तीन रेघा काढतं, बरोबर सुरुवातीच्या जागी येऊन सरळ उभं राहतं. समोर पूर्ण षटकोन असतो! या एका षटकोनात शिकवण्यासारख्या दोन गोष्टी आहेत आणि दोन्हींवर वेळ घालवावा.

पहिली गोष्ट वळण्याची. जमिनीवर खडूने मोठा त्रिकोण काढा. एका मुलानं हात नाकासमोर ताठ धरून बाजूवरून चालायचं आणि कोपऱ्यात वळायचं. आपण काटकोनापेक्षा जास्त वळलो हे त्याला अंगालाच कळतं. आतला कोन ६० असेल तर वळण १८० वजा ६०, म्हणजे १२०. पूर्ण फेरी मारून आल्यावर तोंड पुन्हा पहिल्या दिशेला असतं, म्हणजे एकूण वळण ३६० झालं. तीन बाजूंना १२०, चारला ९०, पाचला ७२, सहाला ६० असा तक्ता मुलांनीच भरावा. सूत्र आधी सांगू नका. ३६० ला बाजूंच्या संख्येनं भागायचं हे तक्त्यातून वर्गातलं कुणीतरी शोधतंच. सेमूर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयर्झिग यांनी १९६७ साली मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली, आणि पुढे तिच्यात हुकमानुसार चालत रेघा काढणारं कासव आलं ते याचसाठी : मुलानं स्वतःला कासवाच्या जागी ठेवून विचार करावा. स्क्रॅचचं मांजर त्याच कासवाचं वारसदार आहे.

दुसरी गोष्ट सुरुवातीच्या स्थितीची. झेंडा दाबला म्हणून मांजर आपोआप मूळ जागी जात नाही. जिथे सोडलं तिथूनच, ज्या दिशेला तोंड होतं त्याच दिशेला निघतं, आणि जुन्या रेघाही तशाच राहतात. "काल चालत होतं, आज चालत नाही" या तक्रारीमागे या वयात बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून झेंड्याखाली चार ब्लॉक कायमचे असावेत : एक्स ० वाय ० वर जा, दिशा ९० कर, सगळं पूस, पेन खाली. स्क्रॅचमध्ये ९० म्हणजे उजवीकडे आणि ० म्हणजे वर, हे एकदा नीट सांगावं लागतं. स्टेज, म्हणजे मांजर फिरतं ती चौकट, आडवं उणे २४० ते २४० आणि उभं उणे १८० ते १८० असतं. ऋण संख्या अजून शिकवल्या नसतील तर "मधल्या शून्यापासून डावीकडे आणि खाली उणे" एवढं पुरतं. मुलं ते सहज उचलतात.

आकृत्यांनंतर खेळ येतो. चेंडूला मांजर शिवलं की गुण, असा काहीतरी. इथे तीन चुका हमखास होतात, आणि त्या याच क्रमाने होतात.

आधी "इफ" (अट तपासणारा ब्लॉक) नुसता झेंड्याखाली लावलेला असतो. मांजर चेंडूला शिवतं, गुण शून्यच. मुलाला वाटतं ब्लॉक बिघडलाय. ब्लॉक बरोबर आहे, फक्त त्यानं झेंडा दाबल्याच्या क्षणी एकदा तपासलं, तेव्हा मांजर लांब होतं, आणि त्याचं काम संपलं. इथे विचारायचा प्रश्न : "हा ब्लॉक किती वेळा बघणार?" मुलानं "एकदा" म्हटलं की फॉरएव्हर (आतले ब्लॉक सतत चालवत राहणारा ब्लॉक) कुठे हवा ते तेच सांगतं.

फॉरएव्हर लावला की गुण एका फटक्यात २०-२५ वर जातात. फॉरएव्हर सेकंदाला साधारण ३० फेऱ्या मारतो, आणि मांजर चेंडूला टेकलेलं आहे तोवर प्रत्येक फेरीत एक गुण पडतो. उपाय सोपा आहे : गुण वाढवला की त्याच इफच्या आत चेंडूला दुसऱ्या कुठल्याही जागी पाठवा. पुढच्या फेरीत स्पर्शच उरत नाही. काही मुलं एक सेकंदाचा वेट टाकून वेळ मारून नेतात. त्यांना मांजर चेंडूवर तसंच धरून ठेवायला सांगा, सेकंदा-सेकंदाला गुण वाढताना दिसतील.

तिसरी चूक लहान आहे : भर घालणाऱ्या "चेंज"ऐवजी ठरलेला आकडा ठेवणारा "सेट" वापरल्यामुळे गुण १ वरच अडकतो. दोन्ही ब्लॉक शेजारी ठेवून पाच-पाच वेळा क्लिक करायला लावलं की फरक कळतो. स्क्रॅचमध्ये कुठल्याही सुट्या ब्लॉकवर नुसतं क्लिक केलं तरी तो तेवढाच चालतो, ही सोय शिक्षक फार कमी वापरतात. अडलेल्या मुलानं ब्लॉकची माळ सुटी करून एकेक तुकडा असा चालवावा, आणि आपल्या वहीतल्या अंदाजापासून पहिल्यांदा कुठे फाटा फुटतो ते शोधावं.

हे सगळं जोडीत करावं. एकाच्या हातात माऊस, दुसऱ्याच्या हातात वही. माऊसवाल्यानं काही दाबण्याआधी वहीवाल्यानं अंदाज सांगायचा. दर ७-८ मिनिटांनी अदलाबदल, आणि ती घड्याळ लावूनच, कारण "आता दे ना" वर सोडलं तर एकच मूल तासभर माऊस धरून बसतं. एका मशीनवर तिघं बसवली तर तिसरं मूल बघ्या होतं. मशीन कमी असतील तर अर्ध्या वर्गाला कागदावरचं काम द्यावं. आणि शिक्षकानं माऊसला हात लावू नये. हा नियम पाळायला अवघड आहे, कारण आपल्याला चूक दोन सेकंदांत दिसते. पण आपण ब्लॉक बसवून दिला की त्या मुलाचा शोध तिथेच संपतो.

कागदावरच्या कामात माझ्या आवडीचा प्रकार म्हणजे संख्या ओळखणं. १ ते १०० मधली संख्या मनात धरायची. समोरच्यानं एक संख्या म्हणायची, उत्तर फक्त "तीच", "मोठी" किंवा "लहान". दरवेळी मधली संख्या विचारली तर जास्तीत जास्त ७ प्रयत्नांत सापडते. आता १ ते १००० साठी किती लागतील? वर्गातून ७० येतं, कधी ५०० येतं. उत्तर १० आहे. हा अंदाज इतका मोठा चुकतो की निम्मं करण्याची ताकद मुलांच्या कायमची लक्षात राहते.

डिजिटल साक्षरतेलाही हीच सवय लावता येते. "अनोळखी लिंक उघडू नका" हे मुलांनी शंभरदा ऐकलेलं असतं, पण ओळखायचं कसं ते कुणी दाखवलेलं नसतं. माऊस लिंकवर नुसता नेला, दाबला नाही, तर खरा पत्ता ब्राउझरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात दिसतो. आता फळ्यावर हा बनावट पत्ता लिहा : मोठीबँक.कॉम.बक्षीस-घ्या.नेट/लॉगिन. हे पान कुणाचं? मुलं म्हणतात मोठ्या बँकेचं, कारण आपण डावीकडून वाचतो. वाचायचं असं : सुरुवातीला एचटीटीपीएस:// असेल तर ते सोडून पहिली तिरकी रेघ शोधा, तिच्या डावीकडचे शेवटचे दोन तुकडे धरा. मालक आहे बक्षीस-घ्या.नेट. त्याच्या आधी लावलेलं बँकेचं नाव मालकानं आपल्या मर्जीनं लिहिलेलं आहे. काही देशांच्या पत्त्यांत शेवटचे तीन तुकडे धरावे लागतात, ते ओघात सांगावं. असे १० पत्ते कागदावर देऊन मालकाखाली रेघ मारायला लावा. टचस्क्रीनवर बोट दाबून धरल्यावर पत्ता दिसतो खरा, पण तिथे चुकून लिंक उघडण्याचा धोका असतो, म्हणून सराव कागदावरच बरा. काही ब्राउझरमध्ये पत्त्याजवळ दिसणाऱ्या कुलपाचा अर्थही सांगा : मधल्या वाटेत कुणी वाचू शकत नाही एवढंच. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे की नाही हे कुलूप सांगत नाही.

शोध घेतानाही आधी अंदाज. निळा देवमासा किती लांब असतो? वर्गाची लांबी मोजा, समजा ८ मीटर भरली. किती वर्ग एकापुढे एक ठेवावे लागतील ते लिहा, मग शोधा. वेगवेगळ्या पानांवर २४, ३० असे वेगळे आकडे सापडतील, कारण कुणी सरासरी देतं, कुणी सर्वात मोठ्या देवमाशाची लांबी देतं. कुणीतरी ९८ हा आकडा फुटातला आहे हे न बघता मीटर म्हणून उतरवतं. ज्यानं चार वर्गांचा अंदाज केला होता त्याला बारा वर्ग खटकतातच. एआयकडून आलेल्या उत्तरालाही हीच चाळणी लावायची : आकडा आधी आपला, मग त्याचा, मग दोन स्वतंत्र पानं.

पासवर्डबद्दल थोडक्यात. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडून केलेला पासवर्ड या वयाला लक्षात राहतो आणि तो लांबही होतो. सराव खोट्या पासवर्डवर करावा, खरा वर्गात मोठ्यानं कुणी म्हणायचा नाही. सगळ्या वर्गाला एकच पासवर्ड देण्याची सोय शिक्षकांनी टाळावी. मुलं त्यातून चुकीचा धडा घेतात.

तासाची शेवटची पाच मिनिटं फाइलसाठी राखून ठेवा. फोनवर वाढलेल्या मुलांना फाइल कुठेतरी "असते" हेच नवीन असतं. त्यांच्यासाठी चित्र चित्राच्या अ‍ॅपमध्ये असतं, बस. सेव्ह दाबण्याआधी जोडीनं तीन गोष्टी मोठ्यानं म्हणायच्या : नाव काय, कुठल्या फोल्डरमध्ये, कुठला प्रकार. इंटरनेटशिवाय चालणाऱ्या स्क्रॅचमध्ये फाइलच्या नावाच्या शेवटी एसबी३ येतं. नावात वर्ग, मुलाचं नाव आणि कामाचं नाव असावं, "अनटायटल्ड ३" चालणार नाही. मग प्रोग्रॅम पूर्ण बंद करायचा, फोल्डर उघडायचं, आणि फाइल तिथून उघडून शेजारच्या जोडीला दाखवायची. उघडली नाही तर जागेवरच शोधायचं, फाइल कुठे गेली आणि आपण काय म्हटलं होतं.