मीटिंग वाडीवर घेतली

परवा आमच्या रायगडातल्या झेडपी शाळेच्या व्यवस्थापन समितीची मीटिंग पहिल्यांदाच कातकरवाडीत, म्हणजे कातकरी आदिवासींच्या वस्तीत झाली, रात्री आठला, समाजमंदिराच्या ओट्यावर. मी दोन वर्षं समितीत पालक म्हणून आहे आणि आतापर्यंत मीटिंग दुपारी शाळेतच व्हायची. दुपारी वाडीतली माणसं रानात नाहीतर खाडीवर नाहीतर मजुरीला, मग संध्याकाळी रजिस्टर घरोघर फिरवायचं, कोणाची सही कोणाचा अंगठा, झाली मीटिंग. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असं आहे, ते आमच्या रजिस्टरात पाळलेलं होतं. पण वाडीतलं कोणी समितीत बोलल्याचं मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि मी पण कधी विचारलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

विषय हजेरीचा होता. दिवाळी झाली की वाडीतली घरं वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या कामाला निघतात ती पावसाच्या तोंडाला परत येतात, पोरं पण त्यांच्याबरोबरच. गुरुजी म्हणाले हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव टाकू, म्हणजे आईबाप कामाला गेले तरी पोरं इथेच राहतील. त्यावर मागे भिंतीला टेकून बसलेली एक बाई उठली, म्हणाली, "गुरुजी, मुकादमाची उचल घेतली की जायलाच लागतं. पोर ठेवीन मी, पण माझी सासू हितंच असते, रांधायचं काम तिला द्या. पोर रडलं तर आमच्या भाषेत समजूत कोण काढणार?" मग बायका एकामागून एक बोलायला लागल्या, जेवण कोण करणार, रात्री पोरांजवळ कोण झोपणार, सगळं त्यांनीच ठरवलं, आम्ही नुसतं लिहून घेत होतो.

जवळच्या पालघरमध्ये पेसा लागू आहे, म्हणजे आदिवासींसाठी जाहीर केलेल्या अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. कायदा 1996 चा, राज्याचे नियम 2014 चे, त्यात पाड्याला स्वतःची ग्रामसभा करता येते आणि शाळा-दवाखान्यासारख्या संस्थांवर लोकांचं नियंत्रण हवं हे कायद्यातच आहे. रायगड अनुसूचित क्षेत्रात नाही त्यामुळे इथे ते काही नाही. कातकरी राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, रायगडात त्यांच्या एवढ्या वाड्या, पण ग्रामसभा मोठ्या गावाची आणि वाडीची मतं त्यात बुडतात. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

लोक म्हणतात, अडाणी माणसं शाळेचं काय ठरवणार. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये नवाहो या तिथल्या मूळच्या आदिवासी लोकांनी 1966 साली रफ रॉक इथली शाळा स्वतःच्या निवडलेल्या बोर्डाच्या हातात घेतली, त्या बोर्डावरचे बरेच जण कधी शाळेत फारसे गेलेले नव्हते, तरी इंग्रजीबरोबर नवाहो भाषेत शिकवायचं त्यांनीच ठरवलं. कारण आपलं पोर कधी गप्प होतं आणि का होतं हे त्यांना माहीत होतं. आमच्या पहिलीतली वाडीची पोरं पहिले काही महिने तोंडच उघडत नाहीत, घरी कातकरी बोलतात आणि इथे पुस्तकातलं मराठी, आणि आपण त्यांना मंद म्हणून मोकळे होतो.

ठराव लिहून झाल्यावर गुरुजींनी वाचून दाखवला. 'स्थानिक महिलेस प्राधान्य' असं आलं तिथे त्या बाईने थांबवलं, म्हणाली स्थानिक म्हणजे गावातली पण होईल, वाडीतली लिहा. गुरुजींनी खाडाखोड करून 'वाडीतील महिलेस' लिहिलं, परत वाचलं, मग तिने अंगठा दिला. सोमवारी ठराव घेऊन आम्ही पंचायत समितीत जातोय, ती आणि तिची सासू पण येणार आहेत.